मैदानात की छोट्या जागेत?

पुण्यात बँड ऐकायचा तर दोन वाटा. एक, मोठं मैदान, म्हणजे २०१० साली इथेच सुरू झालेल्या एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवासारखं. दुसरी, कोरेगाव पार्क-मुंढव्याकडच्या एखाद्या लहानशा जागेतला शे-दीडशे लोकांचा कार्यक्रम.

मैदानात एका दिवसात पाच-सहा बँड ऐकून होतात, ग्रुपही मोकळा हिंडतो. पण स्टेजपासून शंभर मीटरवर उभे राहिलात, तर स्टेजवरचा आवाज पाव सेकंदाहून जास्त उशिरा पोचतो. ड्रमरची काठी आधी पडते, ठोका मागून येतो. शेवटी सगळे पडद्याकडेच बघत बसतात! शिवाय पार्किंगपासूनची पायपीट, आणि उघड्यावर म्हणून रात्री दहाला स्पीकर बंद.

छोट्या जागेत गिटारवाला पायानं पेडल दाबतो तेही दिसतं. मागे एकदा त्याची तार तुटली. तो वाकून नवी तार ओवत होता आणि ड्रमर-गायिकेनं दोघांतच गाणं रेटलं. त्या रात्रीचं तेवढंच आठवतंय.

गैरसोय आहेच. घाम, खांब, खुर्ची नाही. मी एकदा स्पीकरला खेटून उभा राहिलो, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानात कुईंऽऽ. आता खिशात इअरप्लग असतात, आणि जागा साउंडवाल्याच्या टेबलाशेजारची. तो स्वतःच्या कानानं आवाज जुळवतो, त्यामुळे तिथे सगळ्यात नीट ऐकू येतं.

टोळकं असेल तर मैदान. एकटा असेन तर छोटी जागा, तीही आठच्या कार्यक्रमाला साडेआठला. त्याआधी सुरू होतंय कुठे!