ऑनलाइन शाळेतल्या मुलाला मित्र कुठे मिळतील? बडोद्यातले पर्याय शेजारी शेजारी ठेवून

ज्या घरांनी ऑनलाइन शाळा निवडली आहे, तिथे एक वाक्य हटकून ऐकू येतं: “अभ्यासाची काळजी नाही हो, पण मित्रांचं काय?” मग संध्याकाळची यादी सुरू होते. कुणी चित्रकलेचा क्लास लावतं, कुणी क्रिकेट, कुणी शाळेचाच ऑनलाइन क्लब. यादी लांबते, मूल दमतं, आणि वर्षाअखेरीस वाढदिवसाला बोलवायला दोन नावंही सापडत नाहीत.

शाळा मैत्रीसाठी नेमकं काय देत होती ते आधी पाहू. वर्गात बाई बोलू देत नव्हत्याच. मैत्री व्हायची ती रिक्षात, प्रार्थनेच्या रांगेत, नळावर आणि मधल्या सुट्टीत एकमेकांचे डबे उघडताना. ऑनलाइन शाळेने तास जसेच्या तसे घरी आणले, मधली सुट्टी मात्र तिला आणता आली नाही. तिथेही सुट्टी असते, पण त्या वेळात मूल स्वयंपाकघरात जाऊन एकटंच चिवडा खातं. म्हणून पर्याय तोलताना “इथे काय शिकवतात?” हा प्रश्न मी मागे ठेवते. आधी विचारायचं ते हे, की इथे मधली सुट्टी कुठे आहे आणि तीच मुलं उद्या पुन्हा भेटणार आहेत का.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मैत्रीला किती तास लागतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुजबी मैत्रीला सुमारे ५० तास, खऱ्या मैत्रीला ९०च्या आसपास आणि जिवलग होण्यासाठी २००च्या वर. अभ्यास मोठ्या माणसांवरचा आहे, त्यामुळे आकडे मुलांना तंतोतंत लावू नयेत. पण त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: नुसतं एकत्र काम करत घालवलेले तास तितके कामी येत नाहीत, रिकामटेकड्या गप्पांचे येतात. आठवड्यातून एकदा तासभर म्हटलं तर वर्षाचे जेमतेम पन्नास तास होतात, आणि त्यातही बहुतेक वेळ कागदाकडे बघण्यात जातो. रोज खाली खेळायला जाणारं मूल तेवढे तास दोन महिन्यांत गाठतं.

सोसायटीचं आवार

फुकट, घराखाली आणि रोजचं. तुलनेत हा पर्याय सगळ्यांच्या पुढे जायला हवा, आणि चालला तर जातोही. इथे सगळीच मधली सुट्टी असते. खेळ कोणता, राज्य कुणावर, भिंतीपलीकडे गेलेला बॉल कोण आणणार, हे सगळं मुलंच ठरवतात. धाकट्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतलं जातं. ते बाद होत नाही, पण खेळात असतं. वयाने वेगवेगळ्या मुलांना सामावून घ्यायची इतकी सोपी युक्ती मला कुठल्याही कार्यशाळेत दिसलेली नाही.

आणि भांडण. ऑनलाइन वर्गात कुणाशी बिनसलं की लाल बटण दाबून बाहेर पडता येतं. आवारात तसं नाही. ज्याच्याशी काल कट्टी झाली, बॅट त्याच्याच घरी आहे. मग आज संध्याकाळी किट्टाचं बुच्चा करावंच लागतं (बडोद्यातली पोरं असंच म्हणतात, घरी कट्टी-बट्टी शिकलेली मराठी पोरंसुद्धा). हे मिटवणं मुलाला स्वतः करू द्यायला हवं. मारामारी किंवा एकाच मुलाला सतत छळणं दिसलं तर जरूर खाली उतरा. चिडीचा डाव कोण खेळलं याचा निवाडा करायला मात्र गॅलरीतून ओरडू नका.

अडचणी दोन. वासणा-भायली किंवा गोत्रीकडच्या कित्येक नव्या इमारतींत बाग सुंदर असते आणि संध्याकाळी सहाला रिकामी असते, कारण सगळी मुलं ट्यूशनला गेलेली असतात. जुन्या शहरातल्या पोळांमध्ये, म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या वस्त्यांत, मुलं आहेत, तर जागा स्कूटरनी खाल्ली आहे. तेव्हा गृहीत धरू नका. आठवडाभर सहा ते साडेसात स्वतः खाली बसून मोजा. मुलाच्या वयाच्या दोन वर्षं पुढे-मागे असलेली तीन-चार मुलं रोज दिसली तरी पुरे.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती खास आपल्या मराठी घरांची. गुजरातेत २०२३च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती शिकवणं शाळांना सक्तीचं झालं. म्हणजे इथल्या शाळेत जाणारं मराठी मूल वर्गात ती लिहायला शिकतं आणि मधल्या सुट्टीत बोलायला. परगावाहून चालणाऱ्या ऑनलाइन शाळेतलं मूल दिवसभर इंग्रजी ऐकतं, घरी मराठी बोलतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या बडोदेकर असलेल्या घरातलं असूनही आवारात गुजराती समजत असताना गप्प उभं राहतं. त्यात पोरांचा पहिला प्रश्न असतो, “तू कई स्कूल मां छे?” याचं छोटंसं उत्तर मुलाच्या तोंडी आधीच बसवून ठेवा: “मारी स्कूल ऑनलाइन छे, चाल, रमीए?” (चल, खेळू या?) लांबलचक खुलासा करायची वेळ आली की मूल बुजतं.

तालीम

ज्यांच्या आवारात मुलंच नाहीत त्यांच्यासाठी माझं मत तालमीला. दांडिया बाजारच्या परिसरातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर १८८० पासूनचं, आणि जुन्या बडोद्यात मल्लखांब, लाठी, लेझीम यांची परंपरा मराठी घरांना नवी नाही. मी तिची शिफारस परंपरेसाठी करत नाही, तिथल्या रांगेसाठी करते. एका खांबाभोवती दहा मुलं असली तर प्रत्येकाला खांबावर मिळतो अर्धा-एक मिनिट. बाकी वेळ नऊजण वाट बघतात. फी भरणाऱ्या पालकाला हा वेळ वाया गेलेला वाटतो. पण एकमेकांना कोपरखळ्या मारणं, “अरे, पाय असा नाही, असा धर” सांगणं, पडलेल्याला हसणं आणि मग हात देणं, हे सगळं त्याच वेळात होतं. बुजऱ्या मुलाला बोलण्याची सक्ती नसते. रांगेत नुसतं उभं राहूनही ते त्या टोळीतलं होतं.

शिवाय मनोरे. खांद्यावर कुणाला तरी उभं करायचं असतं आणि स्वतः कुणाच्या तरी खांद्यावर चढायचं असतं. विश्वास नावाची गोष्ट इथे समजावून सांगावी लागत नाही. मोठी मुलं धाकट्यांना शिकवतात, त्यामुळे एकुलत्या एका मुलाला दादा आणि ताई मिळतात. तिथे मराठी आणि गुजराती दोन्ही ऐकू येत असल्याने भाषेची गाठही इथे हळूहळू सुटते. चार तास खुर्चीत बसलेल्या शरीराचं जे भलं होतं ते वेगळंच.

आता तोटे. शिस्त कडक असते. काही मुलं वस्तादांच्या चढ्या आवाजाने आक्रसून जातात, त्यांना जबरदस्तीने ढकलू नये. मुलींच्या बॅचची वेळ आणि दोरीचा मल्लखांब शिकवतात का, हे आधी विचारा. आणि अंतर: भायलीहून संध्याकाळच्या गर्दीत जुन्या शहरात रोज येणं-जाणं म्हणजे पालकांचीच परीक्षा. आठवड्यातून एकदाच जमणार असेल तर तालमीचा हा सगळा फायदा उडाला असं समजा. त्यापेक्षा घराजवळचं कुठलंही रोजचं मैदान चालेल: खो-खो, स्केटिंग, पोहणं, काहीही.

आठवड्याचे क्लास, आणि क्रिकेट

चित्रकला, अबॅकस, कीबोर्ड. कौशल्य म्हणून उत्तम, मैत्रीसाठी सगळ्यांत कमकुवत. प्रत्येकाचा कागद वेगळा, प्रत्येकाला सोडायला वेगळी गाडी. लावायचाच असेल तर शेवटी सगळ्यांची मिळून एक गोष्ट उभी राहते असा निवडा. बालनाट्य त्यात अव्वल. प्रयोगाआधीचे काही आठवडे नाटकाच्या तालमी रोज होतात आणि विंगेत मुलांना भरपूर रिकामा वेळ मिळतो. बाकी क्लासच्या बाबतीत एकच चलाखी: मुलाला पंधरा मिनिटं आधी सोडा आणि पंधरा मिनिटं उशिरा घ्यायला जा. सरांशी तेवढं बोलून ठेवलं की विकतच्या क्लासला फुकटची मधली सुट्टी जोडली जाते.

क्रिकेटचं काय? हे विजय हजाऱ्यांचं, किरण मोऱ्यांचं, पठाण बंधूंचं गाव. त्यामुळे अकॅडमी लावताना मैत्रीचं कारण सांगितलं तरी पालकांच्या डोळ्यांपुढे रणजीची टोपी असतेच. रोजचा सराव हा मोठा फायदा, पण नेटमध्ये मूल बॉलला एकटंच सामोरं जातं, आणि निवडीचे दिवस आले की शेजारचा मुलगा मित्र कमी, प्रतिस्पर्धी जास्त होतो. सीमारेषेवर खुर्च्या टाकून पालक बसलेले असतील तिथे तर मधली सुट्टी होतच नाही.

शाळेचे ऑनलाइन क्लब

इथे वय बघितल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. आठ वर्षांच्या मुलासाठी पडद्यावरचा क्लब म्हणजे आणखी एक तास. बाई नाव घेतील तेव्हा बोलायचं, हात वर केल्याचं चिन्ह दाबायचं. दुसऱ्याचं पूर्ण ऐकायची सवय लागते, हे खरं. पण त्या वयात मैत्री बऱ्याच अंशी शेजारी बसून खेळण्यातून, खडू पळवण्यातून होते, आणि पडद्यावर खडू पळवता येत नाही.

बारा-तेराच्या पुढे चित्र पालटतं. बुद्धिबळाचं किंवा प्रोग्रामिंगचं वेड असलेल्या मुलीला आपल्या इमारतीत त्या वेडाचं कुणी मिळेलच असं नाही. नागपूरची किंवा कोचीची वर्गमैत्रीण मिळू शकते, आणि ती मैत्री खरी असते. समोरासमोर बोलताना अडखळणाऱ्या मुलांना लिहून गप्पा मारणं सोपं जातं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा खाली उतरणंच बंद झालं होतं. अशा दिवसांत दूरच्या मैत्रिणीशी होणारं बोलणंच काय ते असतं. कसोटी एकच: शाळेची लिंक बंद झाल्यावर ती दोघं आपणहून एकमेकांना फोन करतात का? करत असतील तर सुट्टीत भेट घडवून आणायला प्रवासखर्च करा, तो कुठल्याही क्लासच्या फीपेक्षा सत्कारणी लागेल. लहानांच्या बाबतीत संगणक दिवाणखान्यात ठेवायचा आणि पत्ता-फोटो अनोळखी माणसाला द्यायचा नाही, एवढं पथ्य सांभाळायचं.

दहावीच्या मुलांचे पालक राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेच्या (शाळेत न जाता जिथून दहावी देता येते तिच्या) संपर्क वर्गांकडे आशेने बघतात. ते वर्ग विषयाच्या शंकांसाठी आहेत. मित्रांचा हिशेब त्यात धरू नये.

रविवारचा कमाटीबाग

घरी किंवा ऑनलाइन शिकणाऱ्या मुलांच्या कुटुंबांनी मिळून बागेत भेटायचं, ही कल्पना गोड आहे. “शाळेत का जात नाहीस?” असं तिथे कुणी विचारत नाही, हा दिलासा लहान नाही. पण पंधरवड्यातून एकदा, दर वेळी वेगळी मुलं, आणि सतरंजीवर गप्पा रंगतात त्या बहुधा आयांच्या. मैत्री तिथे सुरू होईल, मुरणार नाही. आवडलेलं एकच मूल हेरून त्याला मधल्या वारी घरी बोलवा. दोन तासांची वेळ ठरलेली आणि हाताला काही काम असलेलं बरं: भेळ करणं, सायकल धुणं. सेंट्रल लायब्ररीत दोघांना मिळून नेणंही चांगलं. काचेच्या फरशीवरून चालायला मिळालं तर गप्पांना विषय शोधावा लागत नाही.

मग कुणी काय निवडावं

सात वर्षांपर्यंत आवार, आणि ते रिकामं असेल तर घरी एका मुलाला बोलावणं. आठ ते बारा हा तालमीचा किंवा रोजच्या मैदानाचा काळ. त्यासाठी दोन क्लास बंद करावे लागले तरी हरकत नाही. बाराच्या पुढे रोजचं मैदान आणि ऑनलाइन मैत्री दोन्ही, प्रमाण मुलाने ठरवावं. बुजऱ्या मुलासाठी क्रम उलटा: आधी तालमीसारखी आखीव जागा, मग आवार. मोकळ्या खेळात घुसायला जे धाडस लागतं ते त्याच्याकडे अजून नसतं.

सुरुवात कधी करावी यालाही महत्त्व आहे. नवरात्रात शेरी गरबा (गल्लीतला गरबा) घराखाली असेल तर नऊ रात्री तीच मुलं दोन-तीन तास भेटतात, म्हणजे आठवड्याच्या क्लासचे जवळजवळ पाच महिने नऊ दिवसांत होतात. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, फिरकी धरायला कुणीतरी लागतंच, त्यामुळे अगाशीवर (गच्चीवर) अनोळखी मुलालाही काम मिळतं. गणपतीच्या मंडळात आरतीच्या झांजा आणि प्रसादाची ताटं मुलांच्या हाती असतात. ऑनलाइन शाळेचं वेळापत्रक लवचीक असतं असं जाहिरातीत म्हणतात ना, ते इथे वापरून घ्या. सकाळचा एखादा तास बुडाला तरी चालेल, पण रात्री नऊला मुलाला वर बोलवू नका.

आणि हे सगळं सहा महिने मनापासून करूनही मूल स्वतःच “मला शाळेत जायचंय” म्हणत असेल, तर त्याचं ऐका. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप इयत्तेत प्रवेश मिळू शकतो. गुजरात बोर्डाच्या शाळांचे वर्ग जूनमध्ये सुरू होतात, तेव्हा चौकशी उन्हाळ्याआधीच करायला घ्या. शाळा बघायला जाल तेव्हा मधली सुट्टी किती मिनिटांची आहे हेही विचारा.