चेहऱ्यावर नागीण उठली: आधी कोणाकडे जायचं, कोणती गोळी, काय टाळायचं

नागीण पाठीवर किंवा कमरेवर उठते तेव्हा त्रास होतोच, पण डोळा आणि कान त्यातून बाजूला असतात. चेहऱ्यावर उठली की हे दोन्ही वाटेत येतात. म्हणून "मलम लावू का, आयुर्वेदिक घेऊ का, अमक्या गावच्या बाबाकडे जाऊ का" यापेक्षा आधी दोन गोष्टी पाहाव्यात: पहिला फोड दिसून किती तास झाले, आणि फोड चेहऱ्याच्या कुठल्या पट्ट्यात आहेत. मी मेडिकलच्या काउंटरच्या आतल्या बाजूला उभा असतो. "नागिणीची ट्यूब द्या" म्हणून येणाऱ्यांना हेच दोन प्रश्न विचारतो. काहींना त्याचा राग येतो, हेही सांगतो.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी पडून राहतो आणि वय, मधुमेह, कर्करोगाची औषधं किंवा अशाच कारणाने प्रतिकारशक्ती ढिली पडली की त्या एका नसेच्या वाटेने कातडीवर येतो. चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मुख्य नसेला प्रत्येक बाजूला तीन फांद्या आहेत. वरची फांदी कपाळ, वरची पापणी आणि नाकाकडे जाते, मधली गाल व वरच्या ओठाकडे, खालची हनुवटी आणि जबड्याकडे. पुरळ एकाच बाजूला राहतं, कपाळाच्या मधोमध रेघ मारल्यासारखं थांबतं. फोड यायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतीच आग आणि ठणका असतो. तेव्हा वरची फांदी असेल तर लोक सायनस समजतात, खालची असेल तर दाढ.

आधी कोणाकडे?

फॅमिली डॉक्टर, स्किनवाले, डोळ्यांचे डॉक्टर, कान-नाक-घशाचे डॉक्टर असे चार दरवाजे आहेत आणि लोक चुकीच्या दरवाजासमोर रांग लावतात. पुरळ कातडीवर आहे म्हणून स्किनवाल्यांचीच अपॉइंटमेंट हवी, ती मिळते चार दिवसांनी, आणि तोवर घरी थांबायचं. हे चार दिवस महागात पडतात. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वात जास्त उपयोगी पडतात. नागीण बहुतेक वेळा नुसती पाहून ओळखता येते, त्यामुळे गोळी सुरू करायला फॅमिली डॉक्टर पुरेसे आहेत. शिवाय तुमची शुगर किती असते, किडनीचा रिपोर्ट कसा आहे, आधीच्या गोळ्या कोणत्या, हे त्यांना माहीत असतं. गोळीचा डोस ठरवताना याच माहितीची गरज पडते.

स्किनवाल्यांकडे जायचं ते निदानाबद्दल शंका असेल, पुरळ पसरत असेल किंवा फोडांत पू झाला असेल तेव्हा. त्यांची वेळ जरूर घ्या, पण गोळी त्या तारखेपर्यंत अडवून ठेवू नका.

डोळ्यांच्या डॉक्टरांची गोष्ट वेगळी आहे. कपाळावर, पापणीवर किंवा नाकावर फोड असतील तर त्याच दिवशी त्यांच्याकडे जावं, डोळा लाल नसला तरी. नाकाच्या शेंड्यावर आणि कडेला आलेला फोड विशेष महत्त्वाचा. त्या कातडीला आणि डोळ्याच्या आतल्या भागाला एकाच नसेची उपशाखा जाते. इंग्लंडचे जोनाथन हचिन्सन यांनी हे एकोणिसाव्या शतकात नोंदवलं, आणि आजही डॉक्टर नागिणीच्या पेशंटचं नाक आधी बघतात. नाकावर फोड नाही म्हणून डोळा सुरक्षित आहे असं मात्र समजू नये. बुबुळावर जखम, डोळ्याच्या आत सूज, दाब वाढणं, क्वचित पडद्याला इजा, यांतलं काहीही आरशात दिसत नाही. त्यासाठी स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्रावर) तपासणी, डोळ्यात रंगाचा थेंब, दाबाची मोजणी आणि गरज पडली तर बाहुली मोठी करून पडदा पाहणं लागतं. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासणाऱ्याचं हे काम नव्हे. एकदा दाखवून झालं की संपलं असंही नसतं, कारण काही त्रास फोड सुकल्यावर उगवतात.

कानाच्या आत किंवा पाळीवर फोड, आणि त्याच बाजूचं तोंड वाकडं होणं, डोळा पूर्ण न मिटणं, ऐकू कमी येणं, चक्कर, हे सगळं किंवा यातलं काही असेल तर कान-नाक-घशाचे डॉक्टर किंवा न्यूरॉलॉजिस्ट, आणि तेही त्याच दिवशी. जेम्स रॅम्से हंट यांनी १९०७ साली याचं वर्णन केलं. "वारं लागलं, आपोआप सरळ होईल" असं म्हणून इथे थांबू नये, कारण साध्या लकव्यापेक्षा यात चेहरा पूर्ववत होण्याची शक्यता कमी असते.

तपासण्या दोन-तीन विभागांत करायच्या असतील आणि खिसा हलका असेल, तर मुंबईत केईएम, सायन किंवा जेजे, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळी असं मेडिकल कॉलेजचं रुग्णालय बरं. त्वचा, डोळे आणि कान एकाच आवारात मिळतात. वाट पाहावी लागते हे खरं.

आणि थेट दवाखान्यात दाखल व्हायची वेळ कधी? दिसणं कमी झालं, फोड अंगभर पसरले, ताप-डोकेदुखीबरोबर मान ताठरली, माणूस असंबद्ध बोलू लागला, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, किंवा पेशंट केमोथेरपीवर, अवयव प्रत्यारोपण झालेला किंवा एचआयव्हीबाधित आहे. अशा वेळी शिरेतून औषध द्यावं लागू शकतं.

तीन गोळ्या

इथे खरी तुलना आहे, कारण चिठ्ठीवर यांतली एक असते आणि पेशंट दुसरीची किंमत विचारतो. खालचे डोस किडनी चांगली असलेल्या प्रौढ माणसासाठी नेहमी वापरले जाणारे आहेत. तुमचा डोस तुमचे डॉक्टर ठरवतील.

| | असायक्लोव्हिर | व्हॅलासायक्लोव्हिर | फॅमसायक्लोव्हिर |
|---|---|---|---|
| एका वेळी | ८०० मिग्रॅ | १००० मिग्रॅ | ५०० मिग्रॅ |
| दिवसातून | ५ वेळा | ३ वेळा | ३ वेळा |
| साधारण किती दिवस | ७ ते १० | ७ | ७ |
| खर्च | सर्वात कमी | जास्त | जास्त |

असायक्लोव्हिर जुनं आणि भरवशाचं औषध आहे. ज्या संशोधनातून ते आलं त्यातल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं. त्याची अडचण अशी की पोटातून ते रक्तात फार कमी पोचतं, जेमतेम १५ ते २० टक्के. म्हणून दिवसातून पाच वेळा. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०, असं वेळापत्रक लागतं. एकट्या राहणाऱ्या सत्तरीतल्या माणसाला हे जमत नाही. आठवड्याने अर्धी स्ट्रिप उरलेली सापडते, आणि उरलेल्या गोळीने काही साधत नाही.

व्हॅलासायक्लोव्हिर पोटात गेल्यावर त्याचंच असायक्लोव्हिर होतं, पण रक्तात पोचतं निम्म्याहून थोडं जास्त. दोन्ही समोरासमोर ठेवून झालेला एक मोठा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीपुढच्या रुग्णांपैकी निम्म्यांचं दुखणं थांबायला असायक्लोव्हिरवर ५१ दिवस लागले, व्हॅलासायक्लोव्हिरवर ३८. डोळ्याच्या बाबतीत मात्र दोन्ही गोळ्या सारख्याच ठरल्या आहेत. फॅमसायक्लोव्हिर परिणामात व्हॅलासायक्लोव्हिरच्या पंक्तीला बसतं. लहान गावात ते मागवून घ्यावं लागतं, आणि मागवण्यात दिवस घालवण्याइतका फरक नाही.

माझा कौल व्हॅलासायक्लोव्हिरला, आणि तो वेळा सांभाळता याव्यात म्हणून. पण पैशाची ओढ असेल आणि घरात कोणी घड्याळ लावून गोळी देणारं असेल तर असायक्लोव्हिर घेऊन डोळा तितकाच वाचतो. उपचार न केलेल्या डोळ्याच्या नागिणीत सुमारे निम्म्या लोकांना डोळ्याचा काही ना काही त्रास होतो. गोळी वेळेत सुरू झाली की हे प्रमाण २० ते ३० टक्क्यांवर येतं. महाग गोळीसाठी पैसे जमवत तीन दिवस थांबणं हाच सर्वात वाईट पर्याय.

तिन्ही गोळ्या किडनीवाटे बाहेर पडतात. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो. नाहीतर म्हातारी माणसं बरळू लागतात आणि घरच्यांना वाटतं नागीण डोक्यात गेली. पाणी भरपूर प्यावं. ७२ तास उलटून गेले असले तरी "आता काय उपयोग" म्हणू नका. नवे फोड येत असतील किंवा डोळा-कान गुंतला असेल तर डॉक्टर तेव्हाही गोळी सुरू करतात.

वरून काय लावायचं

थोडक्यात: फारसं काही नाही. गार पाण्याची ओली घडी, सौम्य साबणाने चेहरा धुणं, खपली धरल्यावर साधं व्हॅसलिन. कॅलामाइन चालतं, पण डोळ्यापासून लांब. जी "नागिणीची ट्यूब" मागायला लोक येतात, ते असायक्लोव्हिरचं कातडीवरचं मलम, या आजारात जवळपास निरुपयोगी आहे. मी ते विकतो तरी सांगतो. डोळ्यात घालायचं मलम वेगळं असतं. ट्यूबचं नाव सारखं दिसतं म्हणून कातडीचं मलम डोळ्यात घालू नये. खाज, गजकर्ण, पुरळ सगळ्यावर चालणारी म्हणून घराघरात असलेली स्टेरॉइड-मिश्रित ट्यूब फोडांवर नकोच, आणि चिठ्ठीशिवाय घेतलेले स्टेरॉइडचे डोळ्यांचे ड्रॉप तर मुळीच नकोत. तेच ड्रॉप डोळ्यांचे डॉक्टर आतली सूज पाहून देतात तेव्हा डोळा वाचवतात.

पोटातून घ्यायच्या स्टेरॉइडचंही असंच. तोंड वाकडं झालं असेल तर ते विषाणूच्या गोळीबरोबर बहुधा दिलं जातं. नुसत्या पुरळासाठी त्याने सुरुवातीचं दुखणं थोडं कमी होतं, नंतर रेंगाळणारं दुखणं टळत नाही, आणि शुगर वर जाते ते वेगळंच.

ठणक्यावर

पॅरासिटामॉलने भागलं तर उत्तम. बाकीच्या वेदनाशामक गोळ्या असायक्लोव्हिरबरोबर मनाने घेऊ नयेत, किडनीवर दोन्हीकडून ताण येतो. झोप मोडणारी आग असेल तर नसांच्या दुखण्याची औषधं लागतात आणि तिथे निवड वयावर ठरते. गाबापेंटिन व प्रीगाबालिन यांनी गुंगी आणि तोल जाणं होतं. रात्री बाथरूमला उठणाऱ्या आजींच्या बाबतीत हे लक्षात ठेवा. अमिट्रिप्टिलिन स्वस्त, रात्री एक छोटी गोळी, पण प्रोस्टेट, काचबिंदूचा काही प्रकार किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते बाद. यातली कुठलीही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाही. आठवडाभर तरी धीर धरावा लागतो, आणि बंदही एकदम करायची नसते. बी-१२ ची इंजेक्शनं आपल्याकडे सर्रास देतात. ती घेतली म्हणून विषाणूची गोळी सोडू नये.

मंत्र, गेरू आणि पथ्य

नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस दगावतो, ही धास्ती अजून सुशिक्षित घरांतही आहे. पुरळ एका बाजूच्या एका नसेपुरतं असतं, वेढा घालायला ते निघालेलंच नसतं. फोड साधारण ७ ते १० दिवसांत खपली धरतात, कातडी दोन ते चार आठवड्यांत बरी होते, मंत्र घातला तरी आणि न घातला तरी. त्यामुळे मंत्र घालणाऱ्याचं नाव खराब होत नाही. मंत्र आणि गोळी यांत निवड करायची गरज नाही. सासूबाईंचं समाधान होत असेल तर गोळी पोटात गेल्यावर मंत्र होऊ द्या. गेरू, रक्तचंदन किंवा दूर्वा-तांदळाचा लेप मात्र पापणीजवळच्या उघड्या फोडांवर नको. त्यात जंतू जातात, डाग राहतात आणि डॉक्टरांना खालचं काही दिसत नाही. आंबट-तेलकट बंद करून मधुमेही माणसाला भात-वरणावर ठेवण्याचीही गरज नाही.

घरात वेगळं ठेवायचं का, हा प्रश्न नेहमी येतो. फोडांतल्या पाण्यापासून, कांजिण्या न आलेल्या आणि लस न घेतलेल्या माणसाला कांजिण्या होऊ शकतात, नागीण नव्हे. खपली धरेपर्यंत गरोदर बाई, तान्हं बाळ आणि केमोथेरपीवरच्या माणसापासून लांब राहावं, टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा. बाकी ताट-वाटी वेगळी करण्यात अर्थ नाही.

लस आता की नंतर?

आता नाही. लस उठलेल्या नागिणीवरचा इलाज नव्हे. पुरळ पूर्ण बरं झाल्यावर घेता येते, आणि डोळा गुंतला असेल तर तारीख डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवावी. भारतात २०२३ पासून शिंग्रिक्स ही नागिणीची लस मिळते. पन्नाशीपुढच्यांना, दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. चाचण्यांत तिने पन्नाशीपुढे सुमारे ९७ टक्के आणि सत्तरीपुढे सुमारे ९० टक्के संरक्षण दिलं. पूर्वीची झोस्टाव्हॅक्स ५१ टक्क्यांवर होती आणि जिवंत विषाणूची असल्यामुळे प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना देता येत नव्हती. नव्या लसीत ती अडचण नाही. अडचण आहे किमतीची, दोन डोसांचा आकडा पाच आकडी होतो. ज्याला एकदा नागीण होऊन गेली त्याच्याइतकाच, किंबहुना आधी, मी घरातल्या दुसऱ्या साठीच्या माणसाचा विचार करेन, विशेषतः शुगर असेल किंवा संधिवाताची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर. दंड दोन दिवस दुखतो, अंग मोडून येतं, ताप येऊ शकतो. लग्नकार्याच्या आदल्या दिवशी घेऊ नका.