फ्लुरोसंट रंग की रामन टॅग?

लातूरच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीला रोगनिदानाच्या प्रकल्पासाठी यांतलं काय घ्यावं ते ठरवता येत नाहीये. दोन्ही प्रथिनाला चिकटून त्याची खूण पटवतात: रंग लेझरखाली चमकतो, टॅग लेझरचा प्रकाश स्वतःच्या ठरावीक रेषांत विखुरतो.

खर्चात रंगच परवडतो. टॅगच्या रेषा वाचणारं रामन स्पेक्ट्रोमीटर महागडं.

टिकण्यात मात्र टॅग सरस. रंग लेझरखाली विझत जातो. टॅगमधले सोन्याचे नॅनोकण त्यांवर बसवलेल्या रेणूने विखुरलेल्या प्रकाशाचा क्षीण संकेत लाखो पटींनी वाढवतात. त्या संकेताच्या रेषा अरुंद, म्हणून एकाच नमुन्यात कर्करोगाची अनेक प्रथिनं वेगळी ओळखता येतात. ७८५ नॅनोमीटरच्या लेझरला रक्ताची स्वतःची चमकही कमी आडवी येते. पण उघडे कण खारट द्रावात गुठळ्या धरतात. सिलिकाचं किंवा पॉलिमरचं कवच चढवावंच लागतं. खरी मेहनत तिथेच आहे. प्रथिनाला नेमकी चिकटणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) दोन्हींत, ती उष्णतेत बिघडतात, त्यामुळे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फ्रीज दोन्हींना हवा.

एक-दोन प्रथिनंच शोधायची तर रंग घे. थोड्याशा नमुन्यात अनेक शोधायची आणि यंत्र हाताशी असेल, तर रामन टॅग.