‘गॅसची कंपल्सरी तपासणी’ करून गेलेला माणूस

चार हजार रुपये गेले. वर त्या माणसाला मी चहाही पाजला. पैशांपेक्षा तो चहाच जास्त लागलाय मनाला.

गेल्या दिवाळीच्या आधीचा आठवडा. सांगलीत विश्रामबागला आमची सोळा फ्लॅटची बिल्डिंग आहे. सकाळी साडेअकराला मी लाडवांचं बेसन भाजत होते. शेगडीचं रडगाणं पंधरा दिवस चालूच होतं. डाव्या बर्नरची ज्योत पिवळी येत होती आणि पातेल्यांची बुडं काळी होत होती. फराळ झाला की बघू, असं म्हणून मी ढकलत होते. तेवढ्यात बेल वाजली.

दारात निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टूलकिट घेतलेला पस्तिशीचा माणूस. “वहिनी, गॅस कंपनीकडनं आलोय. पाच वर्षांची कंपल्सरी तपासणी. तुमची पेंडिंग दाखवतीय.”

आता यातली पाच वर्षांची गोष्ट खरी होती, हीच तर गोम आहे. घरातल्या गॅस जोडणीची तपासणी दर पाच वर्षांनी करायची असते. नारिंगी सुरक्षा पाइपही पाच वर्षांनी बदलायचा असतो. हे मी कुठेतरी वाचलेलं, त्यामुळे मला वाटलं, बरोबर बोलतोय. तो साफ खोटं बोलला असता तर कदाचित मी सावध झाले असते.

सासूबाई हॉलमधूनच म्हणाल्या, “अगं, एजन्सीला विचार तरी.” मी म्हटलं, “आई, ओळखपत्र आहे त्यांच्याकडे.” ओळखपत्र होतंच. त्यावर काय छापलंय ते मात्र मी वाचलं नाही.

त्याने बेसनाची कढई स्वतः उतरवली, रेग्युलेटर बंद केला आणि एका लहानशा यंत्राचं टोक पाइपला लावलं. यंत्र टीं टीं करू लागलं. त्या यंत्राच्या बाजूला बटण होतं, पण त्याचा अंगठा कुठे होता ते मी बघितलंच नाही. मग डबीतला साबणाचा फेस ब्रशने पाइपला फासला. “बघा, बुडबुडे. लिकेज आहे.” अहो, आधीच फेसलेला साबण लावल्यावर बुडबुडे दिसणार नाहीत तर काय! आणि गळायला नळीत गॅस तरी कुठून येणार होता? रेग्युलेटर तर त्यानेच बंद केला होता. खरी परीक्षा करायची तर शेगडीची बटणं बंद ठेवून रेग्युलेटर चालू करायचा, न फेसलेलं साबणपाणी पातळ लावायचं आणि एकाच जागी नवा बुडबुडा फुगतोय का ते थांबून बघायचं. तिथे काडी तर कधीच धरायची नाही. पण हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी घाबरले होते, आणि घरात सासूबाई होत्या.

गळती असती तर ती आधी नाकाला कळली असती. वास यावा म्हणूनच तर सिलिंडरच्या गॅसमध्ये मर्कॅप्टन मिसळतात. त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात वास होता तो फक्त तुपातल्या बेसनाचा.

नंतरची वीस मिनिटं त्याचे हात भराभर चालले. जुना पाइप काढला, वाकवून माझ्यासमोर कापला आणि “आतनं तडकलाय बघा” म्हणत क्षणभर नाचवून पिशवीत टाकला. दोन्ही बर्नर आणि जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी, तेही पिशवीत गेले. “जुना माल कंपनीला जमा करावा लागतो.” रेग्युलेटर आणि पाइपच्या मध्ये एक चकचकीत गोल वस्तू बसवली, ‘सेफ्टी डिव्हाइस’ म्हणून. मग बिल केलं : पाइप ८५०, बर्नर १,३००, जेट आणि सर्व्हिसिंग ६००, डिव्हाइस १,४५०. एकूण ४,२००. दिवाळीचे म्हणून २०० कमी केले, आणि मला तेवढ्यातही बरं वाटलं! पैसे यूपीआयने दिले. स्क्रीनवर कुणा बाईचं नाव आलं, तेव्हाही मी थांबले नाही. बिलावर जीएसटी नंबर नाही, एजन्सीचं नाव नाही.

ज्योत सुधारली का? नाही. उलट आणखी उंच आणि आणखी पिवळी झाली. चकल्या बाहेरून लाल, आतून कच्च्या. आमच्या चार माणसांत ४० दिवस पुरणारा सिलिंडर ३१व्या दिवशी संपला.

उलगडा झाला तो एका तुकड्यामुळे. सिलिंडर बदलायला ओट्याखालचं सगळं बाहेर काढलं, तर पिठाच्या डब्यामागे चार बोटांएवढा नारिंगी तुकडा सापडला. त्याने कापला तेव्हा उडून पडला असणार. आत पोलादी तारेची जाळी, रबर मऊ, कुठेही तडा नाही. वर छापलेली मुदत २०२७ ची. तो तुकडा हातात घेऊन मी तशीच खाली बसले. नवा पाइपही नारिंगीच होता, पण त्यावर ना आयएसआयचा शिक्का, ना तारीख. दाबला की चपटा व्हायचा. त्याच्या आत जाळीच नव्हती.

मग गॅसच्या पुस्तकावरचा एजन्सीचा नंबर फिरवला. आमच्या नावावर कुठलीही तपासणी ‘पेंडिंग’ नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेकॅनिक आला. काका वयस्कर, कमी बोलणारे. आधी त्यांनी ते चकचकीत डिव्हाइस काढून माझ्या हातात दिलं. “असलं मध्ये काही लावायचं नसतं, ताई. जोड वाढला की गळायची जागा वाढली.” मग जेट काढून उजेडात धरला. भोक मोठं. हा जेट आमच्या शेगडीचा नव्हताच. गॅस जास्त यायचा, त्याला हवा पुरायची नाही, म्हणून ज्योत पिवळी आणि काजळी. नवे बर्नर हातात घेतले तर पत्र्यासारखे हलके. आमचे जुने चांगले जाड पितळेचे होते. जुना माल कुठल्या कंपनीला जमा झाला असेल ते भंगारवाल्यालाच विचारा.

काकांची पावती २३६ रुपयांची झाली. नवा पाइप २०० च्या आत आला. बर्नर मात्र विकत घ्यावे लागले.

मूळ दुखणं काय होतं, ते त्यांनी जाताजाता सांगितलं. दूध उतू गेलं की बर्नरची भोकं बुजतात, आणि खाली जिथून हवा ओढली जाते तिथे धूळ-चिकटा बसतो. बाकी काही नाही. आता मी महिन्यातून एकदा रेग्युलेटर बंद करून, शेगडी पूर्ण गार झाल्यावर बर्नर उचलते. कोमट पाण्यात चिंच-मीठ घालून अर्धा तास ठेवते. पितळ उजळतंही. भोकं टाचणीने मोकळी करते. काडेपेटीच्या काडीने नाही, टोक आत मोडून बसतं. मग खडखडीत वाळवायचे, नाहीतर ज्योत फडफडते. जेटला मी हात लावत नाही, ते काम काकांचं. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, तिच्या अंगणात गॅसचा बार्बेक्यू आहे. तिला हे सांगितलं तर म्हणाली, तिकडे हवा ओढणाऱ्या नळीतच कोळी जाळं करतात आणि मग ज्योत अशीच पिवळी येते. म्हणजे दुखणं तेच, फक्त तिकडे चार हजारांचा पाहुणा आला नाही.

पोलीस चौकीत अर्ज दिला, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर यूपीआयचा व्यवहारही नोंदवला. महिना उलटून गेला होता, पैसे परत येण्यातले नव्हतेच. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद सापडली. नावाच्या रकान्यात वॉचमनने लिहिलं होतं ‘गॅसवाला’, फोन नंबर नऊ आकडी. मी बिल्डिंगच्या ग्रुपवर सगळं लिहिलं तेव्हा तासाभरात तीन घरांतून फोन आले. त्यांच्याकडेही तोच येऊन गेला होता. एकीने तर साडेपाच हजार दिलेले. कुणीच बोललं नव्हतं. मीही महिनाभर बोलले नव्हते, नवऱ्यालासुद्धा १,५०० सांगितले होते.

एप्रिलमध्ये पुन्हा दोघे आले. माणसं वेगळी, शर्ट तोच, वाक्यही तेच. या वेळी दार सासूबाईंनी उघडलं, तेही साखळी लावून. “थांबा हं, एजन्सीला फोन लावते, तोवर तुमचं नाव सांगा,” म्हणाल्या आणि चष्मा शोधायला आत आल्या. आम्ही दोघी परत दाराशी गेलो तर बाहेर कुणी नव्हतं. लिफ्ट आमच्याच मजल्यावर उभी होती, आणि जिन्यात खालपर्यंत चपलांचा आवाज येत होता.