एअरब्रश आणि लाकडी जहाज : आठ महिने वापरल्यानंतर

लाकडी जहाजाचं मॉडेल रंगवायला नोव्हेंबरात एअरब्रश (हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणारा पेनासारखा ब्रश) घेतला, आता जुलै संपत आलाय. नाशिकची थंडी, एप्रिल-मेचा कोरडा उकाडा आणि पाऊस, सगळं त्याने पाहिलं. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून मुद्दाम थांबले.

माझा सेट असा: ड्युअल ॲक्शन एअरब्रश (बटण दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग), रंगाची वाटी वर, नोझल म्हणजे टोकाचं छिद्र ०.३ मिमी. सोबत हवा पुरवणारा १/६ एचपीचा (हॉर्सपॉवरचा) कंप्रेसर, त्याला ३ लिटरची टाकी, प्रेशर गेज आणि पाणी अडवणारा फिल्टर. त्याआधी हातात धरायचा बॅटरीवाला छोटा सेट मागवला होता. त्यातून हवा धापा टाकत यायची आणि रंगाचे ठिपके पडायचे. विक्रेत्याने परत घ्यायला साफ नकार दिला, पैसे गेले ते गेलेच. टाकी असलेलाच कंप्रेसर घ्या. हवा एकसारखी येते आणि मोटरला मधेमधे विश्रांती मिळते.

मॉडेलसाठी जहाज निवडलं ब्रिटिश आरमाराचं एचएमएस ट्रिंकोमाली. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याने सागवानात बांधलेलं, १८१७ साली पाण्यात उतरलेलं, आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगत असलेलं. आपल्या किनाऱ्यावरच्या कारागिरांचं काम दोनशे वर्षं टिकलंय, तर त्याचं मॉडेल घाईत रंगवायचं नाही असं ठरवलं होतं. हुल (जहाजाचं बाहेरचं अंग) काळी, तोफांच्या खिडक्यांच्या ओळीत पांढरा पट्टा, पाण्याखाली तांब्याचे पत्रे.

तरी पहिली घाई झालीच. घासलेल्या लाकडावर थेट पाण्यातला ॲक्रिलिक मारला. दहा मिनिटांत लाकडाचे तंतू उभे राहिले, हात फिरवला तर मांजराच्या जिभेसारखं खरखरीत. ब्रशने जाड रंग लावला की असल्या गोष्टी थोड्या झाकल्या जातात. एअरब्रशचा थर इतका पातळ असतो की पट्ट्यांमधली फट, सुकलेल्या गोंदाचा डाग, पॉलिश पेपरचा एखादा आडवा ओरखडा, सगळं वर येतं. सगळं घासून पुन्हा सुरुवात केली: फटींत लांबी (पुट्टी), लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या सँडिंग सीलरचे दोन हात, प्रत्येक हातानंतर ३२० नंबरचा पेपर, मग स्प्रे कॅनमधला राखाडी प्रायमर आणि शेवटी ६०० नंबर. सीलर फर्निचर पॉलिशवाल्यांचं सामान जिथे मिळतं तिथलाच घ्या, छोटा डबा खूप दिवस पुरतो. रंगायला दोन संध्याकाळी लागल्या, त्याआधीच्या तयारीला तीन आठवडे. नव्याने शिकणाऱ्याने वेळेचा हिशोब असाच धरावा.

प्रायमरला कॅन पुरतो. दोन-तीन मिनिटं नीट हलवा, वीतभर लांब धरा, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. पण पांढऱ्या पट्ट्यासारख्या ठिकाणी कॅन फार रंग ओततो, तिथे एअरब्रशच हवा.

त्या पट्ट्यासाठी माझे सहा प्रयत्न झाले. आता करते ते असं: आधी पांढरा मारायचा आणि रात्रभर वाळू द्यायचा. पट्ट्यावर मास्किंग टेप लावून कड नखाने दाबायची. मग लगेच काळा मारायचा नाही, टेपच्या कडेवरून पुन्हा एक हलका हात पांढऱ्याचाच द्यायचा. टेपखाली झिरपायचं ते पांढऱ्यावर पांढरंच झिरपतं आणि फट बुजते. त्यानंतर काळा, पातळ तीन हात. टेप वर न खेचता मागे दुमडून सावकाश काढायची. ती सरळ, धारदार रेघ पहिल्यांदा दिसली तेव्हा मी आईला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं.

रंग दुधाइतका पातळ हवा. वाटीच्या कडेला चढवला की ओघळून खाली जावा आणि मागे सायीसारखा थर राहावा. हवेचा दाब गेजवर १५ ते २० पीएसआय, अंतर चार बोटं. फार पातळ रंग जवळून मारलात तर कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटतात.

दिंडोरीला मामाची द्राक्षबाग आहे. एअरब्रश तुंबतोय म्हणून मी वैतागले होते, तर तो म्हणाला, "पंपाला दोष देऊ नको गं, आधी गाळण बघ." तेव्हापासून रंग जुन्या मोज्याच्या जाळीतून गाळून वाटीत घालते, निम्मी कटकट संपली. उरलेली निम्मी नोझलमधल्या सुईची. धुताना सुई हातातून निसटली, टोक केसाएवढं वाकलं. डोळ्यांना दिसेना, पण कापसावर ओढली की धागा अडकायचा. नवी सुई घालेपर्यंत ब्रश एका बाजूला थुंकत राहिला. एक सुई जादा ठेवाच.

मे महिन्यात रंग सुईच्या टोकावरच वाळायचा. रिटार्डरचे (रंग वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन-चार थेंब आणि दर पाच मिनिटांनी थिनरच्या ओल्या कापसाने टोक पुसणं, एवढ्याने भागलं. पावसाळ्यात उलट. फिल्टरमध्ये पाणी साचतं, ते रोज सोडावं लागतं. एका दमट संध्याकाळी लॅकर (थिनरमध्ये पातळ होणारा, झटपट वाळणारा मुलामा) मारला, तर सकाळी काळ्या हुलवर पांढुरकी झाक आली होती. लॅकर आता कोरड्या दिवसाची वाट पाहतो.

मास्कबाबत तडजोड करू नका. कापडी किंवा साधा धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही, वाफेसाठीचं कार्ट्रिज असलेलाच लागतो. मी मागच्या गॅलरीत काम करते, स्वयंपाकघराचं दार लावून आणि गॅस बंद करून, कारण थिनरची वाफ पेट घेते.

डेक मी रंगवला नाही. फळ्यांच्या लाकडाचा रंग सुंदर आहे, त्यावर फक्त मॅट वार्निशचा एक हात.

आता पाण्याखालचा तांब्याचा भाग उरलाय. धातूच्या रंगातली चमकी ०.३ च्या नोझलमध्ये अडकते, म्हणून ०.५ चं नोझल आणि त्याची सुई मागवली आहे. कोरडी हवा पडली की तो भाग घेईन.