घरच्या वर्कस्टेशनसाठी: रिफर्बिश्ड झिऑन टॉवर की नवा एएम४ असेंबल्ड?

कमी पैशांत घरी वर्कस्टेशन उभं करायचं म्हटलं की लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत काय, दोनच पर्याय पुन्हा पुन्हा समोर येतात. एक, कॉर्पोरेट ऑफिसातून निघालेला एचपी झेड४४० किंवा डेल प्रिसिजन ५८१० टॉवर, आत इंटेलचा सर्व्हर-वर्कस्टेशनचा प्रोसेसर झिऑन ई५-२६८० व्ही४. दुसरा, एएमडीच्या एएम४ सॉकेटचा बी५५० बोर्ड आणि त्यावर रायझन ७ ५७००एक्स प्रोसेसर. त्यानंतरचं एएम५ सॉकेट मी इथे बाजूला ठेवतो, कारण डीडीआर५ रॅम आणि बोर्ड धरले की बजेट या दोघांच्या पुढे जातं.

मी एएम४ घेतलं. पण झिऑनची बाजू लंगडी नाही, म्हणून आधी तीच.

१४ कोअर, २८ थ्रेड, चार चॅनलची मेमरी, रॅमचे आठ स्लॉट, पीसीआय एक्सप्रेसच्या (ग्राफिक कार्ड, ड्राइव्ह जोडायच्या वाटेच्या) ४० लेन. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे याला सर्व्हरमधून निघालेली ईसीसी रजिस्टर्ड (डेटातल्या चुका पकडणारी, सर्व्हरसाठीची) रॅम चालते, आणि ती साध्या डेस्कटॉप रॅमपेक्षा सहसा बरीच स्वस्त पडते. फोटोग्रामेट्री (फोटोंवरून थ्रीडी मॉडेल), पाच-सहा व्हर्च्युअल मशीन, मोठी सिम्युलेशन असं काम असेल, तर ६४ किंवा १२८ जीबी इतक्या सहज दुसरीकडे जमत नाही. काड्या चारच्या पटीत आणि एकाच प्रकारच्या घ्या. रजिस्टर्ड आणि साधी रॅम एकत्र लावली तर मशीन सुरूच होत नाही. हीच रजिस्टर्ड रॅम स्वस्त दिसली म्हणून एएम४ बोर्डासाठी घेऊ नका, तिथे ती चालत नाही.

कोअरच्या आकड्याला मात्र भुलू नये. झिऑनचा टर्बो, म्हणजे कमाल वेग, ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत, ५७००एक्सचा ४.६ पर्यंत, आणि मधल्या सहा वर्षांत प्रत्येक कोअर एका ठोक्यात करतो ते कामही वाढलं. ऑटोकॅड आणि रेव्हिटमध्ये मॉडेल फिरवणं, बदल करणं हे बहुतांशी एकाच कोअरवर चालतं. फाइल उघडून पाच मिनिटं काम केलं की फरक हाताला जाणवतो, मोजायची गरज पडत नाही. ब्लेंडरमध्ये सीपीयूवर रेंडर लावलं तरी रायझनचे आठ कोअर या चौदांच्या मागे राहत नाहीत, असं माझं मत आहे. वेगवेगळ्या सीनमध्ये थोडं इकडेतिकडे होईल.

विजेच्या बिलावरून झिऑनला बाद करणारे बरेच भेटतील. मला तो मुद्दा तितका मोठा वाटत नाही. रिकाम्या मशीनमागे ३० वॅट जास्त धरले, रोज १० तास, महिन्याचे २६ दिवस, तरी ८ युनिटच्या आतच फरक येतो. विंडोजचा प्रश्न जास्त खरा आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा झिऑन नाही. पळवाट काढून ११ बसतं, पण पुढच्या अपडेटची हमी नाही. लिनक्सवर काम करणाऱ्याला ही अडचण नाही.

आता ज्या एका गोष्टीने माझ्यासाठी निकाल लागला ती. या टॉवरमधला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) साधा एटीएक्स, म्हणजे बाजारात सगळीकडे मिळणाऱ्या ठराविक मापाचा, नसतो. कुठे मदरबोर्डाकडे जाणारी जोडणी नेहमीची २४ पिनची नसते, कुठे एसएमपीएस मागून खणासारखा सरकवून बसवायचा असतो. पंख्यांचे कनेक्टर वेगळे, आणि पंखा ओळखला गेला नाही तर मशीन सुरू होताना एरर दाखवून थांबतं. पॉवर बटणाची वायर वेगळी. बोर्डाच्या मागच्या पोर्टची पट्टी कॅबिनेटशी जुळवलेली. म्हणजे दिसायला सुटे भाग असले तरी व्यवहारात अख्खा टॉवर हा एकच भाग. बोर्ड गेला तर कॅबिनेटही निकामी.

आणि आधी जातो तो बहुधा एसएमपीएसच. आपल्याकडे व्होल्टेज वरखाली होतं, वीज जाऊन झटक्यात परत येते, आणि हा एसएमपीएस आठ-दहा वर्षं ऑफिसात चाललेला असतो. साध्या एटीएक्सवाल्याने दुपारी गल्लीत जाऊन ५५० वॅटचा ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस आणला, चार स्क्रू पिळले, की संध्याकाळी रेंडर पुन्हा सुरू. टॉवरवाल्याने तोच मॉडेल नंबर शोधायचा, कुरियरची वाट पाहायची, आणि येणार तोही तितकाच जुना, दुसऱ्या एखाद्या टॉवरमधून काढलेला. कन्व्हर्टर केबल मिळतात, पण चुकीच्या पिनवर १२ व्होल्ट गेले तर बोर्डही जातो. ज्याचं पोट या मशीनवर आहे त्याने हा आठवडा आधीच हिशोबात धरावा.

ग्राफिक कार्ड निवडतानाही हेच आडवं येतं. बऱ्याच टॉवरमध्ये कार्डासाठी ६ पिनच्याच जोडण्या असतात, कार्ड ८ पिन मागतं. शिवाय बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० चा. आरटीएक्स ४०६० आठच लेन वापरतं, त्यामुळे तिथे त्याची वाट निम्मी होते. ३०६० पूर्ण १६ लेनचं आहे, आणि १२ जीबी मेमरी असल्यामुळे रिझॉल्व्ह (व्हिडिओ एडिटिंग) आणि ब्लेंडरला तेच बरं. माझ्या मते एएम४ वरही ३०६० चं १२ जीबीवालंच पाहावं.

एएम४ ठरलं तर काही गोष्टी दुकानातच पक्क्या करून घ्या. ५७००एक्समध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही आणि बॉक्समध्ये कूलरही नाही, दोन्हींचा खर्च वेगळा धरा. ‘ट्रे’ (बॉक्सशिवाय सुटा मिळणारा) प्रोसेसर स्वस्त पडतो, पण बॉक्सवर मिळते ती कंपनीची वॉरंटी त्यावर नसते, दुकानदाराचा शब्द तेवढा असतो. जीएसटीच्या बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. पडून राहिलेला बी४५० बोर्ड मिळाला तर बायोस अपडेट केल्याशिवाय ५७००एक्स त्यावर उठणार नाही, म्हणून बी५५०च पाहा. ए५२० वर पीसीआय एक्सप्रेस ४.० मिळत नाही.

रॅम १६-१६ च्या दोन काड्या, ३२०० किंवा ३६०० ची. प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. ते राहिलं तर रॅम कमी वेगानेच चालत राहते आणि कित्येकांना वर्षभर कळत नाही. पुढे ६४ जीबी करताना चार काड्यांवर ३६०० टिकेलच असं नाही, तेव्हा ३२०० वर समाधान मानावं. एसएसडी टीएलसी प्रकारची (एका सेलमध्ये तीन बिट) घ्या. स्वस्त क्यूएलसी (चार बिट) ड्राइव्हवर मोठं फुटेज कॉपी करताना सुरुवातीचे काही जीबी भरभर जातात आणि कॅशे भरली की वेग कोसळतो.

कूलर काढायची वेळ आली तर आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या. मग ते बंद करा, प्लग काढा आणि कूलर हळूच डावी-उजवीकडे फिरवून सुटा करा. सरळ वर ओढला तर एएम४ चा प्रोसेसर लॉक असूनही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

यूपीएस दोघांनाही लागेलच. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. ५७००एक्स पूर्ण भारावर ७६ वॅटच्या आसपास राहतो, ३०६० चे १७० धरले तरी मॉनिटरसकट फाइल सेव्ह करण्यापुरता वेळ मिळतो. १२० वॅटच्या झिऑनसोबत हीच जागा आखडते, तिथे १००० व्हीए घ्यावा.

आणि १२८ जीबी रॅमची खरी गरज असल्यामुळे टॉवरच घ्यायचा ठरला, तर त्याच दिवशी त्याच मॉडेलचा दुसरा एसएमपीएस विकत घ्या, लावून तपासा आणि कपाटात ठेवा. दोन्ही पर्यायांच्या किमतींची तुलना त्याचे पैसे मिळवून मगच करा.