डकोटा की कमांडो?

दुसऱ्या महायुद्धातल्या एकाच मालवाहू विमानाचं मॉडेल करायचं आणि सोबत त्याचा सेवाकाळही मुळापासून वाचून काढायचा, असं ठरवलं की आपल्याकडे बहुतेकांची गाडी दोन नावांवर येऊन अडते. डग्लस डकोटा आणि कर्टिस सी-४६ कमांडो. मी दोन्ही केली आहेत.

कमांडोला कमी लेखू नका. १९४३ च्या उन्हाळ्यात ते आसामात उतरलं आणि चबुआ, सुकेराटिंगहून हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनमधल्या कुनमिंगला जाणाऱ्या ‘हंप’ या हवाई मार्गाचं चित्रच पालटलं. डोंगरांवरून जाण्याच्या उंचीवर डकोटाला दम लागायचा. कमांडो तिथेही भरपूर माल ओढायचं. मार्च १९४४ मध्ये जपान्यांनी इम्फाळची कोंडी केली तेव्हा माउंटबॅटन यांनी हंपवरून मागवून घेतली ती २० कमांडोच. मॉडेल म्हणूनही ते देखणं आहे. पोटाच्या कडेने नाकापासून मागे जाणारी ती खाच रंगवताना हात आपोआप सावकाश चालतो.

माझं मन उडालं ते पंखांमुळे. गळलेलं पेट्रोल पंखाच्या मुळाशी साठायचं आणि त्याची वाफ बाहेर पडायला पुरेशी वाटच नव्हती. एक ठिणगी पुरायची. हंपवर कित्येक कमांडो शत्रूची गोळी न लागता हवेतच पेटली. २४ मार्च १९४५ ला ऱ्हाइन नदीपलीकडे छत्रीधारी सैनिक उतरवायला गेलेल्या ७२ पैकी १९ परतलीच नाहीत. डकोटाच्या टाक्याही काही अभेद्य नव्हत्या, हे मान्य. पण कमांडोच्या वैमानिकांच्या आठवणी वाचताना दर थोड्या पानांनी तीच आग समोर येते. हवा खेळती ठेवण्याइतक्या साध्या गोष्टीपायी माणसं गेली, याचा मला आजही संताप येतो.

डकोटाचा धागा कुठेही धरा, तो पुढे जात राहतो. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन छत्रीधारी ब्रिगेडसोबत वेढ्यात अडकली होती. विमानांतून टाकलेली बरीचशी रसद जपान्यांच्या हाती पडत होती. एक डकोटा मात्र खाली, अगदी खाली येऊन नेमकी आपल्या मोर्चांवर माल टाकून गेलं. मग २७ ऑक्टोबर १९४७, श्रीनगर, डकोटांतून उतरलेली पहिली शीख बटालियन. मग मे १९४८, हवाई दलाचे मेहर सिंग आणि लेहच्या धावपट्टीवर त्यांनी उतरवलेलं डकोटा. २०१८ मध्ये तर दुरुस्त केलेलं एक जुनं डकोटा व्हीपी ९०५ हा क्रमांक मिरवत हवाई दलात आलं.

तुम्हाला फक्त हंपच वाचायचा असेल, तर कमांडो जरूर घ्या. त्या मार्गाचा खरा भार त्याने वाहिला. एरवी, माझ्या मते तरी, आधी डकोटा घ्यावं. रंग व्हीपी ९०५ चे द्यावेत आणि वाचनाला सांगशाकपासून सुरुवात करावी.